खाडीआजीची सही

लग्न होऊन गुणाबाई पनवेलच्या कोळीवाड्यात आली तेव्हा तिला सतरावं लागलं होतं. आठ दिवसांच्या आत तिनं सासरचं पहिलं भांडण ऐकलं. ऐकलं म्हणजे काही कान लावून नाही. ती मागल्या दारी बोंबील धूत बसली होती आणि पुढच्या ओटीवर सासू कृष्णाबाई नि चुलतसासू गंगाबाई अशा आवाजात बोलत होत्या, की बंदरातल्या होड्यांनीही मान वळवून बघावं.

“बहिणीच्या सुनंला कालवांची जागा दाखवलीस?” कृष्णाबाई कडाडली. “माझ्या सासूनं मरताना मना कानात सांगितलेली जागा ती!”

“कानात सांगितली म्हनून तुझी झाली काय? कालवं काय तुझ्या बापानं पेरली व्हती?”

“आज तिला दाखवलीस, उद्या ती चौघींना दाखवील. परवा जाशील तवा नुसता खडक चाटायला मिलंल.”

“चाटीन की! पन मरताना छातीवर बांधून नाय न्यायची मना ती जागा. तू ने.”

खडकाला चिकटलेल्या चार शिंपल्यांसाठी दोघी जावा आठ दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी एकीचं मीठ संपलं आणि भांडणही संपलं. गुणाबाईनं मात्र तेव्हाच मनातल्या मनात गंगाबाईची बाजू घेतली. मनातल्या मनातच, कारण नव्या सुनेला तोंड असतं, पण ते जेवायला. आणि घेतलेली बाजू तिनं पुढं जन्मभर सोडली नाही. कुणी विचारलं की ती सांगायची. चिंबोरी कुठल्या बिळात असते, बिळात हात कसा घालायचा, निवटी मासा पाण्याबाहेर उड्या मारतो तेव्हा त्याला पुढून नाही तर मागून कसं धरायचं, सगळं. नवरा धर्मराज म्हणायचा, “हिच्या पोटात पानी बी रात नाय, गोष्ट काय रानार!”

धर्मराज गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. खाडीतही पहिल्यासारखी मासळी राहिली नाही. मुलगा जीवन न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवतो, लेक निशा उरणला दिलेली. गुणाबाई सकाळी मच्छी मार्केटात दोन तास बसते, घरी येते, नि सून कोमल हिनं केलेल्या भाकरीला नावं न ठेवता जेवते. कोमल कर्जतकडची, दहावी शिकलेली. तिला मासळी साफ करायला इथं येऊन शिकावं लागलं. ते गुणाबाईनं शिकवलं. आणि कोमलनं काय शिकवलं, तर सही. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात, परातीत तांदळाचं पीठ पसरून, बोट धरून. तोवर गुणाबाई अंगठा लावायची. दुसरीतून शाळा सुटलेली, अक्षरं ओळखीची होती, पण रस्त्यात भेटल्यावर नाव आठवू नये अशी. पंधरा दिवसांत तिला ‘गुणाबाई धर्मराज कोळी’ जमलं. ‘ण’चा दांडा ती जरा जास्तच खाली ओढायची, शेपटीसारखा. बँकेतला साहेब म्हणाला, “वा आजी, सही!” त्या दिवशी ती साऱ्या आळीला सांगत आली, “सुनंनं शिकवली.”

असं सगळं बरं चाललं होतं. मग एका गुरुवारी शाळा खाडीवर आली.

मार्केटातून रिकामी पाटी घेऊन गुणाबाई बांधावरून येत होती. बघते तर तिसरीची तीस-बत्तीस पोरं टोप्या घालून, गळ्यात पाण्याच्या बाटल्या अडकवून ओळीनं उभी, आणि समोर खाडी बांधाला लागलेली. पोरांपुढं चष्मा लावलेली एक तरुण बाई हवालदिल उभी. ती चारुता मॅडम, नवीन पनवेलला राहणारी, शाळेत नवी लागलेली.

“काय बघता?” गुणाबाईनं विचारलं.

“चिखलातले खेकडे दाखवायचे होते मुलांना. पुस्तकात धडा आहे.”

“मग पान्यात डोकं घालून बघावं लागंल. आज तेरस. या टायमाला खाडी भरलेलीच असनार.”

“पण आमचा परिसर अभ्यासाचा तास गुरुवारी असतो, मावशी.”

“तुमचा असंल. खाडीचा नसतो.”

पोरं हसली. मॅडमही हसल्या, आणि तिथंच गुणाबाईला ती बाई आवडली. स्वतःवर हसणारी मास्तरीण तिनं आयुष्यात पाहिली नव्हती. तिच्या दुसरीच्या मास्तरांना हसू फक्त दुसऱ्याच्या चुकीवर यायचं. मग पाटी उपडी टाकून ती तिच्यावर बसली नि हिशेब सांगू लागली. तिथीची पाऊणपट करायची. तेरा पाऊण किती? मॅडमनी वहीवर मांडलं, पावणेदहा. “म्हंजी समुद्रात, धक्क्यावर, पावणेधाला भरती. ते पानी वर आपल्या खाडीत यायला आनखी पाऊन तास. खेकडं बघायचं तर पंचमीला या. सकाली साडेनवाला उतरायचं, पानी खाली जात असतं, त्याच्या मागनं चालायचं. पुढून नाय.”

पंचमीला शाळा खरंच आली. आणि मग येतच राहिली, शुद्ध पंचमी आणि वद्य पंचमी, महिन्यातून दोनदा, पावसाळा सोडून. शाळेच्या फळ्यावर वाराऐवजी तिथी लिहिलेली बघून शिपाई विचारी, “मॅडम, शाळेत सत्यनारायण हाय काय?” पाऊणकी म्हणजे पुस्तकातलं नुसतं ओझं, ती इथं पोरांना तोंडपाठ झाली, कारण चुकलं तर खेकडा दिसत नाही.

पोरं तिला खाडीआजी म्हणायची. ती त्यांना तिवराचं पान चाटायला लावायची. “कसं लागतंय?” “खारट!” “मंग? झाडाला पन घाम येतो. तुमी जेवनात मीठ जास्त झालं तर रडता, ह्ये रोज खारट पानी पितंय नि वरचं मीठ पानातनं बाहेर टाकतंय.” चिंबोरी उलटी करून पोटाचं झाकण दाखवायची: अरुंद असलं तर नर, रुंद गोल असलं तर मादी, आणि त्याखाली अंडी असली तर तिला ‘जा बाई घरी’ म्हणून सोडायची. पोरांनीही म्हणायचं. चिखलात पाय अडकला तर ओढायचा नाही, खाली बसायचं, मागं रेलायचं, पाय आपोआप सुटतो. हे तर पोरं घरी सोफ्यावर करून दाखवायची, असं त्यांच्या आया सांगत.

आणि दर पंचमीला शाळा यायच्या आधी तासभर गुणाबाई एकटी खाडीत उतरायची. बांबूच्या बारा काठ्या घेऊन. पाण्याच्या मागून चालत, तळव्यानं चिखल दाबत जायचं, जिथं पाय टिकेल तिथं काठी. दोन ओळी, मधून पोरांची वाट. दर वेळी नव्यानं, कारण खाडीचा चिखल जागा बदलतो; मागच्या पंचमीला घट्ट असलेला या पंचमीला गुडघाभर खायला बसलेला. काठ्यांच्या बाहेर पाय टाकला तर खाडीआजी ओरडते, एवढं पोरांना माहीत होतं. का ओरडते ते तिला.

तीन वर्षं झाली. मॅडम वहीत सगळं लिहून घ्यायच्या. घरी कोमलही विचारायची. “आई, निवटीचं ते काय सांगता पोरांना?” गुणाबाई भाकरी खाता खाता सांगायची. सून विचारते याचा तिला आनंदच. ‘आजारीबिजारी पडले तर हिनं जायला बरं,’ असं ती स्वतःच मॅडमना एकदा म्हणाली होती. ते वाक्य तिला पुढं फार महागात पडलं.

यंदा दिवाळीच्या सुट्टीनंतर पंचमी आली आणि शाळा आली नाही. गुणाबाई काठ्या रोवून बांधावर बसली. अकरा वाजले, पाणी परत वर चढू लागलं, तेव्हा काठ्या उपटून घरी आली.

“शाला आली नाय,” ती म्हणाली.

“परीक्षा असतील,” कोमल म्हणाली, आणि कुकरची शिट्टी नसताना गॅस बंद केला.

पुढल्या आठवड्यात मार्केटात मासळी घ्यायला एक बाई आली, सोबत तिची मुलगी किशोरी, चौथीतली. गुणाबाईनं लांबूनच हाक मारली, “अगो किशोरे, दात पडला का गो पुढचा?”

किशोरी आईच्या मागून पुढं आली आणि तिच्या डोळ्यांत बघत राहिली. “खाडीआजी, तुम्हाला दिसतं?”

“म्हंजी?”

“मॅडम म्हणाल्या, खाडीआजीला आता दिसत नाही, तोल पण जातो, म्हणून आता कोमलमॅडम येणार. मग तुम्हाला माझा दात कसा दिसला?”

तिची आई ओशाळली. “अहो, लहान आहे, काहीही बोलते,” म्हणत पापलेट न घेताच तिला ओढून गेली. गुणाबाईच्या हातातला कोयता तसाच राहिला. शेजारच्या पाटीवरची गुणाबाईची मैत्रीण म्हणाली, “कोमलमॅडम कोन गो?” गुणाबाई म्हणाली, “असंल कोनतरी.” खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून तिचं ते खोटं सगळ्या मार्केटाला कळलं.

ती तशीच, अंगाला मासळीचा वास असताना, शाळेत गेली. चारुता मॅडम वर्गाबाहेर आल्या. त्यांच्या तोंडावरच लिहिलं होतं, पण गुणाबाईला लेखी काहीतरी हवं होतं. मॅडमनी कपाटातून कागद काढला. शाळा चालवणाऱ्या संस्थेनं खाडीच्या तासाला आता ‘निसर्गशाळा’ असं नाव दिलं होतं, तपासणी होणार होती, मार्गदर्शक दहावी पास पाहिजे असा नियम आला होता. कोमलनं अर्ज केला होता. आणि अर्जाला एक पत्र जोडलं होतं.

गुणाबाईनं ते स्वतः वाचलं. एकेक अक्षर, बोट ठेवून. ‘मला आता नीट दिसत नाही. चिखलात माझा तोल जातो. मुलांना धोका होऊ नये म्हणून मी हे काम सोडत आहे. माझ्या जागी माझी सून…’ अक्षर कोमलचं. खाली सही. ‘ण’चा दांडा शेपटीसारखा खाली ओढलेला.

ही सही तिनं केली होती. गणपतीच्या आधी कोमलनं दोन-तीन कागद पुढं केले होते, “रेशनकार्डाचं केवायसी आहे आई, इथं करा, इथं पण.” तिनं केली. पोरीनं पिठात शिकवलेली सही, तिच्याच कागदावर, नीट वेळ घेऊन.

“मला वाटलं तुम्हाला माहीत आहे,” चारुता मॅडम म्हणाल्या.

“तुमाला काय वाटलं, मना दिसत नाय? दिवालीच्या आधी त्या लांबच्या खुंटावरचा खंड्या कोनी दाखवला? तुमी तर चष्मा पुसत व्हता.”

मॅडम म्हणाल्या, “मावशी, नियमच आलाय. दहावीचं सर्टिफिकेट नसेल तर हा तासच बंद करतील. माझे हात बांधलेले होते हो.”

“हात बांधलेले असू देत. तोंड तर मोकलं व्हतं ना? घर माहीत व्हतं. बांध माहीत व्हता. येऊन सांगायचं, ‘गुणाबाई, तू शिकली नाय, तुला घेत नाय.’ खरं व्हतं ते. मी काय मारलं असतं तुमाला? त्याच्यापायी मना आंधली कशाला केली?”

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. गुणाबाईला तेही आवडलं नाही. आपल्याला रडायची पाळी असताना समोरच्यानं रडून घेतलं, की आपल्याला त्याचीच समजूत काढावी लागते. तिनं काढलीही. “जा, वर्गात पोरं बोंबलतायत,” म्हणाली आणि निघाली.

घरी कोमल तांदूळ निवडत होती. सासूच्या हातात मार्केटची पाटी नाही हे बघूनच तिला कळलं. ती उठली नाही, पण तिचा हात थांबला.

“आई, मी सांगणारच होते.”

“कदी? मी खरंच आंधली झाल्यावर?”

“तुम्ही तीन वर्षं जाताय. मी बारा वर्षं या ओट्यावर भाकऱ्या थापतेय. दहावीला पासष्ट टक्के होते मला. मलाही कुणीतरी मॅडम म्हणावं असं वाटतं. यात तुमचं काय गेलं? घरातलं घरातच राहिलं ना?”

“मागायचं व्हतंस.”

“दिलं असतंत?”

“तू मागून बघितलंस?”

कोमल पुन्हा तांदूळ निवडू लागली. गुणाबाईला सगळ्यात वाईट हे वाटलं, की सून म्हणत होती त्यातलं निम्मं खरं होतं. पासष्ट टक्के खरे होते. भाकऱ्या खऱ्या होत्या. पोरीनं नुसतं हातातलं हिसकावलं असतं तर गुणाबाईनं आळी गोळा केली असती, चार शिव्या दिल्या असत्या, आणि एकीचं मीठ संपलं की भांडणही संपलं असतं. पण हिनं हिसकावलं नाही. हिनं सासूच्याच हातानं सोडवून घेतलं.

संध्याकाळी जीवन आला. त्याला बघितल्याबरोबर तिला कळलं, यालाही माहीत आहे. चप्पल काढायला त्याला फारच वेळ लागला.

“आये, जाऊ दे ना आता. या वयात चिखल तुडवत कशाला फिरायचं? बस आरामात. टीव्ही बघ.”

“आंधलीनं टीव्ही कसा बघायचा रं?”

तो हसायला गेला आणि त्याला हसू आलं नाही. त्या घरात त्यानंतर आठ दिवस कुणी मोठ्यानं बोललं नाही. भाकरी वेळेवर पुढं यायची, कोमल “आणखी वाढू का” विचारायची, गुणाबाई “नको” म्हणायची. पूर्वी निदान भाजीत मीठ कमी आहे म्हणून बोलायला मिळायचं. आता मीठही बरोबर पडायला लागलं होतं. कोमल ओट्याशी उभी राहून पाठ करायची: अरुंद असलं तर नर, रुंद असलं तर मादी. दिवाणावर पडून गुणाबाई स्वतःचीच वाक्यं ऐकायची, शुद्ध भाषेत. एकदा कोमल चुकली, निवटी कल्ल्यांनी नाही तर नाकानं श्वास घेतो म्हणाली. गुणाबाईच्या ओठांवर आलेलं तिनं गिळलं. सगळं जन्मभर वाटलेल्या बाईनं पहिल्यांदा काहीतरी स्वतःजवळ ठेवलं, आणि ते तिच्या घशात काट्यासारखं बोचलं.

शेवटी तिनं निशाला फोन केला. “मी येतंय तुझ्याकडं. ऱ्हायाला.”

“ये. आत्ताच्या आत्ता ये,” निशा म्हणाली. तिला सगळं कळलं होतं. कोळीवाड्यातली बातमी उरणला जायला बस लागत नाही.

“पंचमीच्या दिवशी दुपारच्या गाडीनं निघंन.”

“पंचमीला कशाला? पंचमीला तिचा पहिला तास हाय ना? आये, तू काठ्या रोवायला जानार हायस काय?”

गुणाबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“नको जाऊ! तिला येतंय ना सगलं? बुडू दे तिचा तोरा एकदा चिखलात. मंग कलंल मॅडमला.”

“तोरा बुडंल गो,” गुणाबाई म्हणाली. “त्याच्याबरोबर पोरांचं पाय बी बुडतील.”

कारण कोमलला सगळं तोंडानं येत होतं. पायानं नाही. ती बारा वर्षांत एकदाही खाडीत उतरली नव्हती; कर्जतच्या माणसाला चिखल म्हणजे भातशेतीतला, ढोपरापर्यंत जाऊन थांबणारा. खाडीचा थांबत नाही. काठी कुठं रोवायची हे गुणाबाईनं तिला सांगितलं असतं, पण सांगून कसं समजणार? ते तळव्याला कळतं, तोंडाला कळत नाही. आणि तिनं तिला हाताला धरून चिखलात नेलं असतं, पंधरा दिवसांत शिकवलं असतं, बोट धरून, परातीतल्या पिठासारखं. मागितलं असतं तर.

आता गुणाबाई उरणला असते, निशाकडं. गुडघे बरे आहेत, डोळे तर शेजारणीच्या दारातली मांजर कुणाची ते सांगण्याइतके बरे. पनवेलच्या खाडीत ती पुन्हा उतरली नाही. जीवन येतो महिन्यातून एकदा, मिठाई आणतो. कोमलनं दोनदा फोन केला, दोन्ही वेळा तब्येतीचं विचारलं, बाकीचं विचारलं नाही.

पण त्या पंचमीला ती उतरली होती. सकाळी आठच्या सुमारास, कोमल आत साडीला पिना लावत असताना. पिशवी भरून दाराशी ठेवलेली, तिच्यात दोन लुगडी, पानाची डबी, धर्मराजचा फोटो. काठ्या मागल्या भिंतीला टेकवलेल्या होत्या, त्या तिनं खांद्यावर घेतल्या. कोमलनं आतून आवाज ऐकला असणार. ती बाहेर आली नाही.

पाणी नुकतंच बांधापासून सुटलं होतं. गुणाबाईनं लुगडं वर खोचलं, चप्पल दगडावर ठेवली आणि पाण्याच्या मागून चालू लागली. पाऊल टाकायचं, दाबायचं, थांबायचं. एका जागी, जिथं मागच्या वेळी पोरं बसून निवट्यांचे ठसे बघत होती, तिथं तळवा सरळ खाली गेला. ती बसली, मागं रेलली, पाय सोडवून घेतला आणि वाट चार हात डावीकडून वळवली. एकेक काठी. रोवायची, दोन्ही हातांनी हलवून बघायची, हलली तर काढून पुन्हा.

दहा रोवून झाल्या तेव्हा बांधावर पोरांचा गलका ऐकू आला. शाळा लवकर आली होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही. अकरावी रोवली. बारावी जरा लांब घातली, तिवराच्या मुळांपलीकडं, पाणी जिथं अजून उतरत होतं तिथं; ती हलवून पाहिली, आणि मग दुसऱ्या अंगानं, बंदराच्या पायऱ्यांकडून, वर आली आणि नळावर पाय धुवायला बसली.